आवडाईचा न कापलेला कुंचला

फार वर्षांपूर्वी, रंग दुकानात मिळत नव्हते आणि कुंचला ज्याचा त्यानंच बांधायचा असे, तेव्हा खाडीकाठच्या खारवळण गावात आवडाई नावाची चितारीण राहायची. ग्रामदेवी कणकाईचा लाकडी मुखवटा दर नवरात्राआधी तीच रंगवायची. केवड्याचं मूळ ठेचून केलेल्या कुंचल्यानं चेहरा, बकरीच्या केसांनी मुकुट आणि सगळ्यात शेवटी खारीच्या शेपटीच्या केसांनी डोळे. तिच्या रेघेवरून मुंगी चालली तर वाट चुकायची नाही, असं म्हणतात.

एका वर्षी खाडीपलीकडून गावात तापाची साथ आली. तान्ही पोरं घेऊन बाया माहेरी पळाल्या. देवीला पालखीतून शिवेवर फिरवलं की साथ थांबते, असा गावाचा भरवसा. पण हे दिवस मावळायच्या आत व्हायला हवं, आणि देवीचे डोळे उघडे हवेत. मुखवट्याचे डोळे तेवढे काढायचे राहिले होते. आवडाईनं कुंचल्यांची डबी उघडली, तर खारीच्या केसांना कसर लागलेली! हाती नुसता भुगा आला.

तिनं बकरीचे केस घेतले. ते काजळ पिऊन फुगले आणि देवीच्या गालावर ओघळ आला. घायपाताचे तंतू घेतले. ते ताठ, रंग धरीनात, नुसते ओरखडे काढीत. आणि मांडीवर तिची चिमा तापानं फणफणलेली. दोन लेकरं गेल्यावर झालेली ही मुलगी. तिच्या जावळाला पाच वर्षं कातर लावणार नाही, असा नवस आवडाईनं कणकाईलाच केलेला.

पालखीसाठी दारात येऊन थांबलेला देवीचा गुरव कासावीस झाला. "आवडे, दिस कलला गो! पोरीचे चार केस काप. कधी न कापलेल्या केसालाच टोक असतं, तूच सांगतेस ना?"

"आणि नवस मोडला म्हणून ही पण गेली तर, दादा?"

"मग आंधळी देवी शिवेवर न्यायची?"

एकीकडे गाव, एकीकडे मांडीवरचा जीव. तिला रडूही फुटेना. तिनं कातर उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. चिमाच्या कपाळावरचा घाम पुसायला ती वाकली, तेव्हा तिला दिसलं. घामानं भिजलेल्या बटेला सुईसारखं टोक आलं होतं.

तिनं कातर दूर भिरकावली. ती बट तशीच, डोक्यावर असतानाच, काजळात बुडवली. लेकीचं डोकं दोन्ही हातांत धरून देवीच्या कपाळाशी नेलं आणि रेघ ओढायला घेतली. पोरगी जरा जरी हलली असती तरी सगळं संपलं असतं. गुरवानं श्वास रोखला. खाडीत भरतीचं पाणी अर्ध्यावर उभं राहिलं, असं म्हणतात.

दुसरा डोळा पुरा झाला आणि लाकडाची पापणी लवली.

"आई," आवडाई म्हणाली, "आधी हिला बघ. मग गाव बघ."

पालखी शिवेवर फिरली, साथ शिवेबाहेर परतली. आणि तिन्हीसांजेला चिमानं पेज मागितली, असं म्हणतात.

आता तालुक्याला नायलॉनचे ब्रश मिळतात. खारवळणाला त्यांचं वावडं नाही. मुकुट त्यांनीच रंगतो, केस गळायची कटकट नाही आणि खारीही सुखात आहेत. एकदा कुणा शहाण्यानं सुचवलं, डोळेही त्याच ब्रशनं काढा, झटपट होईल. बायांनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं आणि जावळ न उतरवलेलं एक पोर पुढे आणलं.

आजही डोळे तसेच काढतात. पोराची आई त्याचं डोकं धरते, सगळा गाव श्वास रोखतो. आणि रेघ पुरी झाली की ती हळूच म्हणते, "आई, आधी ह्याला बघ."