विणकराची शेगडी

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा माणसं थंडीला आजच्यापेक्षा जास्त भ्यायची आणि भाऊबंदांशी मात्र आजच्याइतकीच भांडायची.

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात घोंगड्या विणणारा एक विणकर राहायचा. बायको आणि पाळण्यातली लेक, एवढाच संसार. भिंतीपलीकडे त्याची विधवा वहिनी एकटी राहायची. मुळात ते एकच घर. विणकर चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा याच वहिनीने त्याला भरवून, दटावून लहानाचा मोठा केला. पुढे थोरला भाऊ वारला, वाटण्या झाल्या, मधे भिंत उभी राहिली आणि अंगणातलं अक्रोडाचं झाड वहिनीच्या बाजूला गेलं. तेवढ्यावरून विणकराने तिच्याशी बोलणं टाकलं. एका झाडावरून! त्या झाडाला वर्षाकाठी टोपलीभर अक्रोड लागायचे, तेही निम्मे किडके.

त्या वर्षी कार्तिकातच बर्फ पडायला लागलं. विणकर लोहाराकडे गेला आणि म्हणाला, "काका, मला धुराड्याची लोखंडी शेगडी हवी. तुमच्याकडे असेल ती सगळ्यांत मोठी द्या."

लोहार म्हातारा होता आणि गिऱ्हाइकाला खूश करायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "तुझी खोली केवढी, शेगडी केवढी मागतोस! एवढी मोठी पेटवलीस तर घामाघूम होशील. मग शेगडीचं दार लावून आच कोंडून ठेवशील आणि ती घरभर धूर करेल. ही मधली ने."

विणकराने मधली घेतली. लोहार म्हणाला, "शेगडी कुठली ते ऐकलंस, आता कुठे ठेवायची तेही ऐक. मधल्या भिंतीशी ठेव. ती भिंत जाड दगडाची आहे. एकदा तापली की शेगडी विझल्यावरही ऊब देत राहील. आणि पलीकडे तुझी वहिनी आहे. तिच्या छातीत कफ धरतो, यंदा लाकडं आणतानाही तिला धाप लागते. तुझ्या शेगडीवर तिचाही हिवाळा निघेल."

विणकर शेगडी उचलून निघाला. घरी बायकोनेही तेच सुचवलं. "पाळणा तिकडेच आहे. मधल्या भिंतीशीच ठेवू या ना. जाऊबाईंनाही बरं पडेल."

"लाकडं मी फोडायची आणि भिंत तिची तापवायची?" विणकर उसळून म्हणाला. "एक कणही ऊब पलीकडे जाता कामा नये."

आणि त्याने शेगडी समोरच्या, गल्लीकडच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवून बसवली. मधल्या भिंतीपासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब. शेगडी रसरसून पेटली. विणकर तिच्यापुढे मांडी घालून बसला आणि त्याला वाटलं, आपण जिंकलो.

मार्गशीर्ष सरला. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा. आधी अधूनमधून, मग सारखाच. विणकर तेव्हा माग जोरात चालवायचा, म्हणजे खटखटीत तो ऐकू येत नसे. पौषात एक दिवस खालच्या खोऱ्यातून वहिनीचा भाऊ आला. बहिणीला घोंगडीत गुंडाळून त्याने पाठीवर घेतलं. जाताना ती म्हणाली, "जरा थांब रे, भावजींना सांगून जाते."

भाऊ विणकराच्या दाराशी थांबला. "भावजी, निघते हो," वहिनी म्हणाली.

बायको धावत बाहेर आली. विणकराने मागावरून मान वर केली नाही. वहिनी थोडा वेळ वाट पाहून गेली.

तिसऱ्या दिवशी पाळण्याजवळच्या तांब्यात पाणी गोठलं. लेक किरकिरायला लागली, तिचे तळपाय बर्फासारखे झाले. विणकराने शेगडीत दुप्पट लाकडं घातली, तरी खोलीचा तो कोपरा तापेना. तो तणतणत लोहाराकडे गेला. "काका, तुमची शेगडी खोटी निघाली. दोन महिने बरी चालली, आता ऊबच देत नाही!"

लोहार काठी टेकत आला. आधी त्याने विणकराला बाहेर गल्लीत नेलं. सगळीकडे गुडघाभर बर्फ होतं, पण शेगडीमागच्या भिंतीलगत जमीन कोरडी ठणठणीत होती आणि तिथे गावातली पाच कुत्री पाय ताणून झोपली होती.

"शेगडी खोटी नाही," लोहार म्हणाला. "यांना विचार."

मग त्याने आत येऊन पाळण्यामागच्या मधल्या भिंतीवर तळहात ठेवला. "ही कधी गार पडली?"

विणकराने आठवून पाहिलं. "वहिनी गेली तेव्हापासून," तो हळूच म्हणाला.

लोहार त्याला वहिनीच्या घरात घेऊन गेला. वाटण्या झाल्यापासून विणकराने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. तिची चूल खिडकीखाली नव्हती. ती अंधाऱ्या कोपऱ्यात, मधल्या भिंतीला टेकून घातलेली होती. धूर बाहेर जायला वाट नव्हती. वरचं आढं काळं कुळकुळीत झालं होतं.

"तुला लेक झाली तेव्हा तिने खिडकीखालची चूल मोडून इथे घातली," लोहार म्हणाला. "मी म्हटलं, बाई, धुराने मरशील. तर म्हणाली, पोरीचा पाळणा पलीकडे याच भिंतीशी आहे. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. आता सांगतो."

विणकर चुलीपाशी बसून लहान मुलासारखा रडला. त्याच पावली तो खोऱ्यात निघाला, पण खिंड बर्फाने बंद झाली होती. तीन वेळा निघाला, तीन वेळा परत आला. रोज सकाळी तो खिंडीकडे बघायचा.

चैत्रात वाट मोकळी झाली. विणकर खोऱ्यात उतरला, तेव्हा वहिनीचा भाऊ आपल्या अंगणातच भेटला. म्हणाला, "उशीर केलात. माघातच गेली."

परत आल्यावर विणकराने शेगडी उचलली आणि मधल्या भिंतीशी बसवली. पुढच्या हिवाळ्यात भिंत छान तापली, दोन्ही अंगांनी. पलीकडे कोणी नव्हतं. विणकर तरी रोज तिथे जायचा आणि भिंतीवर हात ठेवून पाहायचा.

तात्पर्य: आपली ऊब दुसऱ्याला मिळू नये म्हणून धडपडण्याआधी, आपल्याला कोणाची ऊब मिळते आहे ते बघावं, आणि ते माणूस आहे तोवरच बघावं.