चार चाकांतली हवा

"उस्ताद, माझ्या चारही चाकांतली हवा कुणी सोडली?"

नलवडे उस्ताद चहा गाळत होते. मान वर न करता म्हणाले, "मी."

घैसास पुण्याचे इंजिनिअर. पन्नाशीत लोक पेटी शिकतात, नाहीतर बोन्साय करतात. यांनी लिलावातून फौजेचा जुना ट्रक घेतला आणि तो स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायचं वेड घेतलं. दर शनिवारी ते भिंगारला यायचे, नलवड्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. नलवड्यांनी फौजेच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेली. तिथं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, ते नाव त्यांना कायमचं चिकटलं.

दोन वर्षांत घैसासांनी इंजिन उतरवलं, चढवलं. गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवला. आपण आता पक्के मेकॅनिक झालो असं त्यांना वाटायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

उद्या पुण्यात जुन्या लष्करी गाड्यांचं संचलन होतं. घैसासांचा ट्रक पहिल्या रांगेत. आज पुढच्या चाकाचे ब्रेक तेवढे बघायचे राहिले होते.

आणि चारही टायर जमिनीला टेकलेले!

"का सोडली?"

उस्तादांनी चहा कपात ओतला.

घैसासांच्या मनात पाल चुकचुकली. ती काही आज पहिल्यांदा नाही. मागे एक पाना हरवला, तेव्हाही त्यांनी गुपचूप उस्तादांच्या हत्यारांच्या पेटीत डोकावून पाहिलं होतं. गेल्या शनिवारी निघताना ते म्हणाले होते, "आता मला तुमची फारशी गरज नाही." त्यावर म्हातारा नुसता हसला. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"शिष्य पुढं गेला हे बघवत नाही तुम्हाला. मी उद्या जाऊ नये, म्हणूनच ना?"

"चहा घ्या, साहेब."

घैसासांनी आधी कपाचा वास घेतला. खरंच घेतला. संशयाला लाज नसते.

उस्तादांनी ते पाहिलं. कोपऱ्यातला मोठा पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

"पुढलं चाक काढा."

घैसास तणतणत खाली बसले. समोरच्या नटाला पाना लावला, सगळा राग त्यावर काढला. नट फिरला. दुसरा फिरला. तिसरा, चौथा... हात सफाईदार होता, नाही म्हणता येणार नाही.

शेवटच्या नटांपाशी चाक मधोमध उकललं. फटीतून काळी ट्यूब बाहेर डोकावली.

घैसासांचा हात जागच्या जागी थांबला.

त्या चाकाला नटांची दोन वर्तुळं असतात. आतल्या वर्तुळाचे नट चाक गाडीला धरून ठेवतात. बाहेरचे नट चाकाचे दोन भाग एकमेकांना धरतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले, तर पुढचा भाग उडून समोरच्याच्या तोंडावर येतो. माणूस उरत नाही. म्हणून बाहेरचे नट लाल रंगवायची रीत.

घैसासांना हे सगळं पाठ होतं. पुस्तकातल्या पान क्रमांकासकट.

"हे नट... लाल होते."

"व्हते."

"मग?"

"हिरवे कुणी केले?"

संचलनात ट्रक एकरंगी, देखणा दिसावा म्हणून गेल्या शनिवारी घैसासांनी स्वतःच ब्रश फिरवला होता. बारकाईनं, एकही नट न सोडता.

त्यांना भीती वाटली आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर काय म्हणाला असता?"

"...म्हणालो असतो, 'ठाऊक आहे मला.'"

उस्तादांनी चहाचा घोट घेतला.

घैसास उठले. भरल्या डोळ्यांनी त्यांच्या पायांशी वाकले. "चुकलं, उस्ताद. जगात सगळ्यांवर संशय घेतला, तुम्हालाही सोडलं नाही. पण आता नाही. यापुढं डोळे मिटून विश्वास. तुम्ही आवळलेला नट मी पुन्हा तपासून बघणार नाही."

उस्तादांनी पाय मागं घेतले.

"मग पाना खाली ठेवा, साहेब... अन् एसटीनं घरी जा."