लोकरीची लडी

"...मग यातलं मी सोडू तरी काय, आक्का?"

कालिंदीने विचारलं खरं, पण आवाजात तक्रार नव्हती. दिमाख होता.

तानूआक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हसवडच्या कितीतरी बायकांना माग त्यांनी शिकवला होता. कालिंदी त्यांची सगळ्यात हुशार शिष्या. तिच्या घरी त्या आज पहिल्यांदाच आल्या होत्या.

घर कसलं, कारखानाच. समोर मागावर घोंगडं चढलेलं. खिडकीशी चरखा, टोपलीत पिंजलेली लोकर. कालिंदीच्या हातात सुया, त्यांवर अर्धा स्वेटर. बोलतानाही सुया थांबत नव्हत्या.

"सकाळी कातते. उजेड असतो तोवर मागावर बसते. कंटाळा आला की सुया घेते. एका कामाचा शीण दुसऱ्यावर काढायचा." ती हसली. "लोक म्हणतात, एका वेळी एकच कर. तुम्हीही तेच सांगणार?"

"मी कुठं काय सांगितलं?"

"मग सांगा ना. चुकतंय का माझं काही?"

आक्कांनी उठून घोंगड्यावर हात फिरवला. वीण घट्ट होती, काठ सरळ. स्वेटर उलटून पाहिला. एक टाका सैल नव्हता.

"काम चोख आहे."

कालिंदीचा चेहरा फुलला.

"स्वेटर कुणाचा?"

"नानांचा. माझ्या वडिलांचा. थंडीत छाती भरते त्यांची. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात."

"दिसले नाहीत कुठं?"

"आत असतील. म्हणजे..."

सुया थांबल्या.

"आक्का... मी दुपारी..."

ती उठली आणि आत धावली. आक्का मागोमाग गेल्या.

मधल्या खोलीत नाना पाटावर बसले होते. दोन्ही हात समोर धरलेले. त्यांवर लोकरीची लडी. अर्धवट गुंडाळलेला गुंडा जमिनीवर पडला होता. खोलीत अंधारून आलं होतं. दिवा लावायला हात मोकळा नव्हता.

हात थरथरत होते. लडी तेवढी ताठ होती.

"आलीस होय?" नाना म्हणाले. "मागावरचा धागा तुटलाय, आत्ता आले म्हणालीस..."

कालिंदी दारातच खिळली.

"नाना... खाली का नाही ठेवलीत? हाक तरी मारायची!"

"मागाचा आवाज येत होता. म्हटलं, कामात आहे पोर. आणि खाली ठेवली असती तर गुंता झाला असता ना."

आक्का पुढं झाल्या. त्यांनी लडी हलकेच काढून घेतली.

नानांचे हात तसेच राहिले... हवेत. खाली येईनात.

नाना ओशाळून हसले. "आखडलेत जरा."

कालिंदी पांढरीफटक पडली. मग एकदम ओरडली, "नको मला हे काही! माग विकून टाकते. चरखा देऊन टाकते. आक्का, शपथ घेते, आजपासून सुईला हात लावणार नाही. आत्ताच उचलते सगळं..."

ती वळलीसुद्धा.

"कालिंदी."

ती थांबली.

"ते सोडणं म्हणजे चौथं काम झालं. आधी त्यांचे हात खाली घे."