महाराजांची जुनी रायफल आणि धुरपदा

विलायतेहून आलेल्या नव्या रायफली महाराजांनी कुलपात घालायला लावल्या, आणि त्या दिवसापासून हिवरखेडच्या शिवारात रानडुकरांचं राज्य सुरू झालं.

कोंढवगड संस्थानात पूर्वापार रिवाज असा, की डुकरं पिकात शिरली की दरबारचे शिकारी बंदोबस्ताला यायचे. यंदा शिकारखान्यासाठी दिवाणसाहेबांनी नव्या रायफली मागवल्या. महाराजांनी त्यातली एक उचलली, खटका मागे ओढला. खटका जरा अडकला.

"रद्दी," महाराज म्हणाले. "आमच्या वडिलांच्या, आबासाहेबांच्या वेळच्या रायफलींचा खटका बघा. लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो. हल्ली कारखान्यात माणसं झोपा काढतात."

"महाराज, मग जुन्या रायफली शिकाऱ्यांना द्यायच्या का?" दिवाणांनी विचारलं.

"आबासाहेबांची आठवण डुकरांवर खर्च करू?"

अशा रीतीने नव्या रायफली कुलपात राहिल्या, जुन्या तशाच दिवाणखान्याच्या भिंतीवर राहिल्या आणि शिकारी घरी राहिले. डुकरांनी मात्र भुईमूग मुळापासून उकरून खाल्ला.

हिवरखेडचा हैबती आपल्या धुरपदा नावाच्या लेकीला घेऊन दरबारात आला. हैबतीला बोलणं फारसं जमत नसे. म्हणून तर लेकीला आणलं होतं.

"महाराज, नव्याच बंदुका द्या, पण शिकारी धाडा," धुरपदा म्हणाली. "डुकराला कुठं कळतंय गोळी कुठल्या सालातल्या बंदुकीतली हाय ते."

"मला कळतं," महाराज म्हणाले. "नव्या बंदुकीची गोळी चुकली, डुक्कर उलटलं आणि माझा शिकारी फाडला, तर? माझी माणसं मी रद्दीच्या भरवशावर रानात सोडणार नाही."

"जुन्यांतही एखादी वाईट असंलच की."

महाराजांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"असं म्हणतेस? मग दाखव. आबासाहेबांच्या वेळची एक तरी वाईट रायफल उद्या दरबार उठायच्या आत माझ्यापुढे ठेव. ठेवलीस, तर नव्या रायफली आणि शिकारी दोन्ही तुमच्या गावाला. नाही ठेवलीस, तर गावाने डुकरांना पाहुणे समजावं आणि पुन्हा तक्रार आणू नये."

"कुठंबी शोधू?"

"वाडा उघडा आहे."

दिवाणांनी तिला दिवाणखान्यात नेलं. भिंतीवरच्या जुन्या रायफली एकेक करून खाली काढून दाखवल्या. एकीलाही नाव ठेवायला जागा नव्हती. धुरपदाने स्वतः खटका ओढून पाहिला. खरंच लोण्यासारखा फिरला. तिने रायफल दिवाणांना परत दिली. पुन्हा तक्रार आणायची नाही, म्हणजे पुढच्या सालीही नाही, आणि हे आपल्या एका वाक्यामुळे.

"चल घरी," हैबती म्हणाला. "राजासंगं कशाला तोंड वाजवलंस?"

"जेवून जाऊ," धुरपदा म्हणाली. तिला रडू येत होतं, पण भूकही लागली होती.

मुदपाकखान्यात आचारी चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ फुलवत होता. ओली लाकडं बघून धुरपदाने मदतीला हात पुढे केला. फुंकणी हातात घेतली आणि तिचा हात खाली गेला.

"आचारीबुवा, ही एवढी जड कशी?"

"नळी आहे ती. थोरल्या महाराजांच्या, आबासाहेबांच्या रायफलीची," आचारी कणीक मळता मळता म्हणाला. "हरणावर झाडली आणि माळ्याचं पागोटं उडालं. थोरले महाराज शीघ्रकोपी. जी चुकेल ती लोहाराकडे. तिची बहीण गोठ्याच्या दाराला अडसर आहे. आणखी एक राणीसाहेबांच्या मच्छरदाणीला दांडा."

धुरपदा जेवली. दोनदा भाजी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने फुंकणी महाराजांच्या पुढ्यात ठेवली.

"ही फुंकणी आहे," महाराज म्हणाले.

"आता हाय."

महाराजांनी ती उचलली, डोळ्याला लावली. आत रायफलीच्या नळीत असतात तशा पीळदार खाचा स्पष्ट दिसत होत्या. राख पुसली तर बाहेरून आबासाहेबांचा मोराचा शिक्का निघाला. महाराजांच्या गालाला काजळी लागली. ते सांगायला कोणी पुढे आलं नाही.

"एखादी निघते अशी," महाराज म्हणाले.

"गोठ्यातली पण आणू? फकस्त गाई सुटतील. आणि मच्छरदाणीतली आणायची तर राणीसाहेबांना विचारावं लागंल."

महाराजांचा आवाज चढला. "म्हणजे माझ्या वडिलांनी रद्दी विकत घेतली, असं म्हणायचंय तुला?"

हैबतीने डोळे मिटून घेतले.

"न्हाई महाराज. थोरल्या महाराजांनी बऱ्यावाईट दोन्ही घेतल्या, जशा तुमच्याकडं आल्यात. पर त्यांनी त्या रानात नेल्या. नेम धरंल ती भिंतीवर लावली, चुकंल ती चुलीपुढं बसवली. भिंतीकडं बघून तुम्हाला वाटतं, जुनं समदं सोनं. तुमच्या नव्या बंदुका अजून रानात गेल्याच न्हाईत, मग भिंतीवरच्या कुठल्या आणि चुलीच्या कुठल्या, कसं कळावं? आधी निशाण लावून झाडा. ज्या चुकतील त्या लोहाराकडं धाडा. उरतील त्या आमच्याकडं. मग बघा, तुमचा नातू त्याच भिंतीखाली उभा राहून म्हणंल, 'आमच्या आजोबांच्या वेळच्या रायफली काय होत्या! हल्ली कारखान्यात माणसं झोपा काढतात.'"

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांनी छताकडे पाहिलं. मग महाराजांच्या खांद्यांना हिसका बसला, आणि ते असे हसले की सिंहासनावरचा लोड घरंगळून हैबतीच्या पायाशी आला.

"दिवाण, कुलूप काढा. आजच निशाण लावा, आणि उद्या शिकारी हिवरखेडला." त्यांनी डोळे पुसले. "आणि नदीकाठची गायरानालगतची जमीन या मुलीच्या नावाने इनाम लिहा. मुली, शिकाऱ्यांबरोबर तूही जा. कुठली रायफल भिंतीवर लावायची, ते मला येऊन सांग. पारख तू कर."

"मी कशाला, महाराज?" धुरपदा म्हणाली. "डुकरं करतील की."