ठकू आणि कुरणपरीचे तीन मणी

डोंगराच्या कुशीत, जिथे पाऊस सरला की सगळा उतार सोनकीच्या फुलांनी पिवळाधम्मक होतो, तिथे ठकू नावाची एक चिमुरडी राहायची. तिची आई भागाकाकींच्या गोठ्यात शेणकूर करायची, दूध काढायची. त्यावरच मायलेकींची चूल पेटायची.

पण एके दिवशी हरणी नावाच्या गायीने अशी लाथ झाडली, की आईचा उजवा हात मनगटापाशी सुजून टम्म झाला. आईचं काम ठकूच्या इवल्याशा हातांवर आलं.

भागाकाकी वैतागल्या होत्या. "ही हरणी अशी नव्हती गं! दूध चोरते, सोडतच नाही, वर लाथा मारते. गुरुवारपर्यंत सुधारली नाही तर बाजारात नेऊन विकते हिला. आणि दूध काढणारंच कुणी नसलं, तर गोठ्याला दुसरी बाई बघावी लागेल मला."

"मग आमची चूल कशी पेटणार?" ठकूला वाटलं. विळा घेऊन ती गवताला गेली. सपासप गवत कापता कापता एकदम थांबली. गवतात टिटवीची चार ठिपकेदार अंडी होती! ठकूने विळा वळवला आणि अंड्यांभोवतीचं गवत तसंच हलतं, डुलतं राहू दिलं.

तोच सोनकीचं एक फूल थरथरलं, उजळलं, आणि त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली! तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे झुळझुळीत होते आणि झगा कोवळ्या गवताचा.

"मी कुरणपरी," ती किणकिणली. "तुझा विळा वळला ना, ते पाहिलं मी. हात पुढे कर बघू."

ठकूच्या तळहातावर दवाचे तीन टपोरे मणी पडले. एकेका मण्यात सात सात रंग नाचत होते.

"तीन मणी, तीन इच्छा. पण नियम ऐक हं. स्वतःसाठी काही मागायचं नाही. मागायचं ते एखाद्या जनावराला खरोखर हवं असेल तेच. चुकलीस तर मणी फुटला!"

"पण त्यांना काय हवंय, हे मला कसं कळणार?"

"बघून," परी म्हणाली आणि फुलात दडली.

ठकू धावतच गोठ्यात आली. "हरणीला भूक लागली असणार! हिरवागार चारा येऊ दे!"

फट्! मणी फुटला. चारा आलाच नाही, आणि हरणीने समोर होतं त्या गवतालाही तोंड लावलं नाही.

ठकूचे डोळे भरून आले. "मी बघितलंच नाही," ती पुटपुटली. "नुसतं ठरवून टाकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती बघत बसली. आधी काकींच्या कोंबड्यांकडे, कारण त्या एकमेकींची पिसं उपटत होत्या. खुराड्यात ओल आणि चिखल. तरी एक तुरेवाली कोंबडी त्या चिखलातच बसायची, पंख फडफडवायची, अंगावर काहीतरी उडवायला बघायची आणि हिरमुसून उठायची. एकदा, दोनदा, पाच वेळा! ठकू टुणकन उडाली.

"तिला धुळीत लोळायचंय! कोरडी, उबदार माती येऊ दे!"

मणी विरघळला आणि खुराड्यासमोर भुरभुरीत तांबूस मातीचा ढीग पडला. कोंबड्यांनी काय धमाल केली म्हणून सांगू! कुणी आडवी, कुणी उताणी, पंखांतून धुळीचे सोनेरी लोट! नंतर पिसं झटकून सगळ्या शहाण्यासारख्या उन्हात बसल्या.

मग ठकू हरणीसमोर बसली. बुधवार गेला. गुरुवार उजाडला. हरणीचे कान मागे पडलेले, डोळे मोठे झालेले. पण अधूनमधून पाठीमागच्या भिंतीपलीकडून हंबरणं ऐकू येई, आणि त्या क्षणी हरणी दोन्ही कान टवकारी! ती मान वळवून भिंतीकडेच बघत राही.

"काकी, काकी! भिंतीपलीकडे कोण आहे?"

"कपिला गं. पावसात तिला नव्या गोठ्यात हलवली. त्याआधी दोघी एकाच दावणीला होत्या, अगदी वासरं होत्या तेव्हापासून."

"काकी! हरणी वाईट नाही हो! तिला तिची मैत्रीण हवीय!"

ठकूने मुठीतला शेवटचा मणी वर धरला, आणि मग तिला हसूच आलं. दावं सोडायला जादू कशाला लागते?

"एकदा कपिलाला इकडे आणू द्या ना, काकी. एकदाच!"

काकींनी बाजाराच्या वाटेकडे पाहिलं, मग ठकूच्या चेहऱ्याकडे. "बरं, आण."

कपिला आत आली मात्र, हरणीने तिच्या मानेवर मान टाकली. दोघी एकमेकींना चाटत सुटल्या. थोड्या वेळाने हरणी डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागली. ठकू जवळ बसली. लाथ नाही, काही नाही! चुळुक चुळुक धारा पडल्या आणि चरवी फेसाने काठोकाठ भरली.

"अगं बाई गं!" काकी टाळ्याच पिटू लागल्या. "कुठला बाजार नि काय! कुठेच जायची नाही ही. आणि ठकू, आजपासून माझ्या जनावरांचं तू म्हणशील तसं. तुम्हा मायलेकींना रोजचं दूध माझ्याकडून."

ठकू मणी परत द्यायला कुरणात पळाली.

"हा उरला," ती धापा टाकत म्हणाली. "लागलाच नाही."

परीने तो उचलला. "तुला काय हवंय, हे मी विचारणार नाही. तीन दिवस मीही तुझ्याकडे बघत होते. आईला घास भरवताना तिच्या हाताकडे नजर गेली, की तू स्वतःचा घास ताटात परत ठेवतेस."

परीने मणी उंच फेकला. निळा, केशरी, पोपटी उजेड सगळ्या उतारावर सांडला, फुलाफुलातून लखलखला, आणि त्या लखलखाटात परी मिसळून गेली.

ठकू घरी पोचली तर आई दारात उभी होती आणि दोन्ही हातांनी भाकरी थापून दाखवत होती! ठकू तिला बिलगली. दोघी हसत होत्या, रडत होत्या, मग पुन्हा हसत होत्या.

एवढ्यात हरणीची गोष्ट ऐकून वरच्या आळीचे धोंडूबाबा एका रुसलेल्या शेळीला ओढत आले. "ठकू पोरी, ही चार दिवस पाणीच पीत नाही. काय झालंय गं हिला?"

"अजून माहीत नाही, बाबा," ठकू म्हणाली. तिचे डोळे आनंदाने लुकलुकले. "आधी तिचं दावं सैल करा. मग आपण दोघं इथे गुपचूप बसू आणि बघू."