हौसाक्काचा बिल्ला

सकाळचे सव्वासात वाजले होते, असं म्हणतात. कुठल्या सालचे, ते आता कुणालाच सांगता येत नाही, एवढी ती जुनी गोष्ट. मोरमाळ गावातून हौसाक्काचा हैबती सुट्टी संपवून लढाईवर निघाला आणि तिनं त्याच्या छातीवर बिल्ला लावला. मागच्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल पलटणीनं दिलेला, चांदीचा. तिनं तो राखेनं घासून लखलखीत केला होता, भैरोबाच्या पायाशी ठेवला होता.

हैबती हसला. "आये, लढाईत कोण बिल्लं लावत न्हाई. ती परेडला लावायची."

"लढून मिळवलेला बिल्ला लढाईत न्हाई, तर काय वरातीत मिरवायचा? भैरोबाची नजर हाय त्याच्यावर. माजी शपथ हाय, परत येईस्तवर काढायचा न्हाई."

आईची शपथ. पोरगं बिल्ल्यासकट निघालं.

पारावर धोंडीनाना बसले होते, पलटणीत एक पाय ठेवून आलेले. हौसाक्कानं त्यांना कौतुकानं सगळं सांगितलं. नाना म्हणाले, "आक्का, माजा जोडीदार असाच हट्टानं लावून गेला हुता. उन्हात बिल्ला चमकला आन् गोळी नीट तिथंच आली. छातीवर चांदमारीचं निशाण लावून धाडलंस गं पोराला."

शपथ हौसाक्काची. तिनं सोडवल्याशिवाय हैबती जीव गेला तरी बिल्ला काढणार नव्हता.

ती धावत सुटली. स्टेशन डोंगरापलीकडे. असं म्हणतात, की डोंगरानं तिच्यासाठी पाठ वाकवली, करवंदीच्या जाळ्या बाजूला सरल्या. ओढ्याला लोंढा होता, पण तिच्या लुगड्याचा काठ भिजला नाही. तिकडे इंजिनात कोळसा धडाडत होता, चाकं जागच्या जागी फिरत होती आणि गाडी तसूभर हलत नव्हती.

हौसाक्का खिडकीशी पोचली. तिला धाप लागली होती. हातानंच खूण करून तिनं हैबतीला वाकवलं आणि बिल्ला काढून घेतला.

"आये, शपथ?"

"सुटली."

"आन् भैरोबा?"

"त्याच्याशी मी बोलते." तिनं बिल्ला स्वतःच्या पदराला लावला. "गोळीला चमक बघूनच यायचं आसंल, तर हितं ये म्हणावं."

मग गाडी हलली.

तो बिल्ला लावूनच ती भांगलायला जायची, शेण भरायची. बायका म्हणायच्या, "काय सुभेदारीणबाई, आज कुठला मोर्चा?"

"वांग्याच्या वाफ्यावर," ती म्हणायची.

एका दुपारी ती वाफ्यातच छाती धरून खाली बसली. बायका धावल्या. बिल्ला तव्यासारखा तापला होता आणि मधोमध खोक पडली होती. तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता. त्याच दुपारी तिकडे हैबतीवर नेम धरून सुटलेली गोळी कुठं गेली, ते कुणालाच कळलं नाही, असं म्हणतात. हैबती परत आला.

सगळ्यांचे आले नाहीत. हे सांगताना मोरमाळच्या बाया खाली बघतात. तरी अजूनही गावातला कुणी लढाईवर निघाला, की शिवेवर थांबून आपले बिल्ले आईच्या पदराला लावतो. आई नसेल तर बायकोच्या, नाहीतर लेकीच्या फ्रॉकला. तशी बिल्ला लावलेली बाई नळावर आली की रांग मागं सरते, आणि तिला कुणी काही विचारत नाही.

तुमच्या ओळखीत कुणाचं पोरगं निघायचं असेल, तर त्या माउलीला एवढं सांगा: भीती वाटते म्हणून त्याला शपथ घालू नकोस. बिल्ला तू लाव, त्याला मोकळ्या छातीनं जाऊ दे. आणि तिलाही म्हणावं, पुढच्या घरी सांग.