ओला पंचा घाबरतो तेव्हा

"मग उद्या स्टेजवर याल ना, अप्पा? साक्षीला?"

शिवलिंगअप्पा पानमळ्यात वेली बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाची साक्ष?"

"वेलीला माणसाच्या मनातलं कळतं, याची! तीन वर्षं राबलोय मी."

भूपाल मगदूम कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचा. वेलीला हात कसा लावावा हे मात्र तो लहानपणी अप्पांकडूनच शिकला होता. उद्या तालुक्याला त्याचं व्याख्यान. तीनशे माणसं यायची होती, आणि गडी आत्तापासूनच हवेत होता.

त्यानं सोबत आणलेल्या सुईच्या यंत्राचे दोन चिमटे एका पानाला लावले. डोळे मिटले आणि मनात म्हणाला, हे पान आता जाळतो.

सुई टुणकन उडाली.

"बघितलंत?"

"बघितलं की... आणि नाही उडाली कधी?"

"तेव्हा माझं मन थाऱ्यावर नसतं. ते प्रयोग मी धरतच नाही."

"अस्सं."

अप्पांनी खांद्यावरचा पंचा पाटाच्या पाण्यात बुडवला, पिळला आणि कुंपणावर टाकला. पानाचे चिमटे काढून पंच्याला लावले.

"आता याला जाळ. मनातल्या मनात."

"अप्पा, चेष्टा नको."

"जाळ म्हणतो ना!"

भूपालनं नाइलाजानं डोळे मिटले. उघडून बघतो तर काय... सुई थयथय नाचत होती.

"घाबरला बिचारा," अप्पा म्हणाले.

भूपालच्या तोंडचं पाणीच पळालं. वाऱ्यानं हलली असेल. ओलीमुळं असेल. मग पानाची कशानं हलली? आणि तीन वर्षं हललेली ती कशानं? त्याला काही सुधरेना. रडू यायला लागलं, तसा तो अप्पांवरच उखडला.

"मग वेलीपुढं वाईट बोलायचं नाही, हा नियम कशाला केलात? भावाला शिवी दिली म्हणून मला कुंपणाबाहेर काढलं होतंत तुम्ही! तेव्हा वेलीला कळत होतं, आणि आता कळत नाही?"

अप्पांनी पंच्याचे चिमटे काढून त्याच्या हातात दिले.

"एकदाचं सांगून टाका, अप्पा. कळतं की नाही?"

"ठाऊक नाही."

इतक्या सहज म्हणाले, की भूपाल बघतच राहिला. वेलीकडं बघितलं, पंच्याकडं बघितलं. कुणावर विश्वास ठेवावा हेच त्याला कळेना.

"आणि उद्या तीनशे माणसांपुढं उभा राहून मी काय सांगू? ठाऊक नाही म्हणून?"

अप्पांनी खाली लोंबणारा एक फुटवा अलगद उचलला, आधाराला टेकवला आणि लव्हाळ्यानं बांधला.

"सांग की. तेवढ्यावरच मी साठ वर्षं मळा राखलाय."